सप्ताळूच्या बागेला नत्र किती, आणि कधी?

मे-जूनमध्ये पुण्या-मुंबईच्या फळबाजारात उत्तरेकडचे सप्ताळू दिसू लागतात. कुणी त्यांना आडू म्हणते, बहुतेक जण पीच म्हणतात. गिऱ्हाईक फळ हातात घेऊन दोनच गोष्टी बघते, आकार आणि लाली. चव घरी गेल्यावर कळते. त्यामुळे बागायतदाराचा भावही या दोन गोष्टींवर ठरतो, आणि दोन्हींशी सर्वांत जवळचा संबंध आहे तो नत्राचा. हा संबंध मात्र सरळ नाही. नत्र कमी पडले तर फळ लालबुंद होते पण लहान राहते. गरजेपेक्षा जास्त झाले तर फळ आणखी मोठे होत नाहीच, वर लाली जाते, पक्वता लांबते आणि कूज वाढते. या दोन टोकांमधली जागा अरुंद आहे. ती कशी ओळखायची, याचा शोध गेली शंभर वर्षे कॅलिफोर्नियापासून स्पेनपर्यंत चालू आहे, आणि त्यातून हाती आलेले ज्ञान फार मोलाचे आहे. आपल्याकडे मात्र खताची चर्चा अजूनही गोणीच्या हिशेबाने चालते.

संतुलित खत याचा अर्थ सगळे थोडे थोडे घालणे असा घेतला जातो. मला तो घातक वाटतो. बागेत नेमके काय अडले आहे ते शोधून तेवढे पुरवायचे आणि जे पुरेसे आहे त्याला हात लावायचा नाही, हा खरा तोल. चांगल्या सांभाळलेल्या सप्ताळूच्या बागेत बरेचदा अडलेले असते दुसरेच काही, आणि ओतला जातो युरिया.

सप्ताळूला नत्राची ओढ असते हे खरे. सफरचंदाच्या छोट्या फळकाड्या वर्षानुवर्षे फळ देतात. सप्ताळू फळतो तो गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवर. एकदा फळलेल्या काडीवर पुन्हा फळ येत नाही, म्हणून दरवर्षी नवी फूट हवी, आणि नव्या फुटीला नत्र हवे. यंदा दिलेले नत्र एका अर्थी पुढच्या वर्षीच्या फळाची काडी तयार करत असते. जाणकार बागायतदार हिवाळ्यात पाने गळल्यावर काडी मोजतो. फळत्या झाडाची फूट साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर असेल तर नत्र बेताचे आहे. वीतभरही नसेल तर झाड उपाशी आहे. शेंडे मीटरभर सरळ वर गेले असतील तर नत्र जास्त झाले, किंवा छाटणी फार कडक झाली. या मोजणीला पैसा लागत नाही, आणि तरी ती फारशी कुणी करत नाही.

नत्राच्या वेळेबद्दलचा समज तर पुष्कळ ठिकाणी उलटाच आहे. सप्ताळूला पानाआधी फूल येते. फुलोरा, फळधारणा आणि पहिली कोवळी पाने या सगळ्याला लागणारे नत्र जमिनीतून त्याच वेळी येत नाही. ते गेल्या उन्हाळ्यात आणि शरदात झाडाने मुळांत, खोडात, फांद्यांत साठवलेले असते. फुलोऱ्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे झाड मुख्यतः या शिलकीवर जगते. पानगळीनंतर झाड झोपलेले असताना मुळे नत्र जवळजवळ घेत नाहीत, त्यामुळे भर थंडीत टाकलेला युरिया पावसाबरोबर वाहून जाण्याची भीती जास्त. म्हणून कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी शिफारस केली, की वर्षाच्या नत्राचा मोठा भाग फळ उतरल्यावर, पाने हिरवी आणि काम करत असताना द्यावा. पंजाबातल्या लवकर येणाऱ्या जातींना हे विशेष लागू पडते. फ्लोरडा प्रिन्स, प्रताप, शान-ए-पंजाब ही फळे एप्रिल-मेमध्ये उतरतात आणि पाने त्यानंतर कित्येक महिने झाडावर असतात. फळ उतरले म्हणून बाग वाऱ्यावर सोडून देणे, पाणी तोडणे, पाने किडीला खाऊ देणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या फुलोऱ्याचे पोषण तोडणे होय.

पण ही शिफारस डोळे मिटून डोंगरात नेता येत नाही. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी फूट चालू राहते, लाकूड पक्व होत नाही आणि ते थंडीने मारले जाते. हिमाचलमध्ये सिरमौर जिल्ह्यातला राजगढ परिसर सप्ताळूची दरी म्हणून ओळखला जातो. तिथला हिवाळा आणि लुधियानाचा हिवाळा सारखा नाही. उत्तरेत रूढ असलेली रीत अशी, की शेणखत, स्फुरद आणि पालाश डिसेंबर-जानेवारीत द्यायचे, निम्मे नत्र फुलोऱ्याआधी आणि उरलेले महिन्याभराने, फळ धरल्यावर. डोंगरात ही रीत सुरक्षित आहे. मैदानात, निदान लवकर उतरणाऱ्या जातींसाठी, नत्राचा एक हिस्सा फळानंतर देण्याचा विचार व्हायला हवा असे माझे मत आहे.

जास्त नत्राने काय होते याचा सर्वांत बोलका पुरावा कॅलिफोर्नियातल्या पार्लियर येथील केर्नी कृषी केंद्रात मिळाला. फँटेशिया या नेक्टरिनवर, म्हणजे लव नसलेल्या सप्ताळूवर, तिथे काही वर्षे नत्राच्या पाच मात्रा तपासल्या गेल्या. शून्यापासून थेट हेक्टरी ३६४ किलोपर्यंत. १९९५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नत्र मुळीच न दिलेल्या झाडांची फळे लाल, पण लहान आणि कमी. मध्यम मात्रेपर्यंत उत्पादन वाढले. त्यापुढे उत्पादनही थांबले, आकारही थांबला, गोडीही वाढली नाही. वाढले ते भलतेच. झाड गर्द झाले आणि आतल्या, खालच्या फांद्यांवर सावली पडून फळणारे लाकूड मरू लागले. फळाचा हिरवा रंग पिवळा व्हायला वेळ लागू लागला. तपकिरी कूज वाढली, शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळ्यांचा उपद्रव वाढला. म्हणजे खताचा खर्च, छाटणीचा खर्च आणि फवारणीचा खर्च, तिन्ही एकाच चुकीतून. दुर्दैव असे की अशी बाग बघायला फार सुंदर दिसते. रस्त्याने जाणारा माणूस थांबून कौतुक करतो, आणि शेजारचा बागायतदार पुढच्या वर्षी तेवढेच खत आणतो.

ही चूक टाळण्यासाठी पानांमधले नत्र मोजून जी मर्यादा बसवली गेली ती आजही वापरात आहे. वाळलेल्या पानात २.६ ते ३ टक्के नत्र असावे. २.३ च्या खाली कमतरता. ३ च्या वर गेल्यास पुढच्या वर्षी हात आखडायचा.

भारतात हात आखडणे अवघड होते त्यामागे पैशाचे कारण आहे. १ एप्रिल २०१० पासून पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली, स्फुरद आणि पालाशाच्या खतांचे भाव त्यानुसार ठरू लागले, पण युरिया त्या योजनेबाहेर राहिला. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे नत्राचा किलो तेरा रुपयांच्या आत. डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांची, आणि पोटॅशसुद्धा युरियाच्या कितीतरी पट महाग. स्वस्त ते हाताला लागते. नत्र, स्फुरद, पालाशाचे ४:२:१ हे ढोबळ प्रमाण धोरणाच्या कागदांत वर्षानुवर्षे छापले जाते, शेतात मात्र नत्राचे पारडे जडच राहिले. फळबागेला तर हे ४:२:१ मुळात लागूच पडत नाही, कारण ते धान्यपिकांच्या हिशेबातून आलेले आहे.

फळ जमिनीतून काय नेते ते एकदा मांडून बघावे. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात १०० ग्रॅम सप्ताळूत सुमारे १९० मिलिग्रॅम पोटॅशियम, २० मिलिग्रॅम फॉस्फरस, ६ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि प्रथिनांच्या रूपात साधारण १५० मिलिग्रॅम नायट्रोजन असते. हेक्टरी २० टन फळ उतरवले तर गरातून सुमारे ३० किलो नत्र, ३८ किलो पोटॅशियम म्हणजे खताच्या हिशेबात ४६ किलो पालाश, आणि ४ किलो फॉस्फरस म्हणजे ९ किलो स्फुरद बागेबाहेर जाते. कॅल्शियम किलो-सव्वा किलो. कोयीतले आणि छाटलेल्या लाकडातले वेगळे. पाने तिथेच गळून कुजतात आणि परत मिळतात, छाटणीच्या काड्या बारीक करून बागेतच पसरल्या तर त्यांचेही बरेचसे परत मिळते. झाडाची एकूण वार्षिक गरज यापेक्षा मोठी असते, पण बागेबाहेर काय जाते आणि भरपाई कशाची करायची हे या आकड्यांवरून दिसते. फळातून सर्वांत जास्त जाते ते पालाश, आणि स्फुरद फारच थोडे. दरवर्षी डीएपीच्या गोण्या ओतणाऱ्या बागेत स्फुरद साठत राहतो, आणि साठलेला स्फुरद जस्त अडवतो.

पालाशाची कमतरता सप्ताळूत भर उन्हाळ्यात दिसते. फळाच्या वाढीचे तीन टप्पे असतात. आधी पेशींची वाढ, मग कोय टणक होण्याचा मंद काळ, आणि शेवटी फुगवण. या फुगवणीत फळ पालाश ओढून घेते, आणि जमिनीत पुरेसे नसेल तर पाने फिकी पडतात, कडांनी आत वळून नळीसारखी होतात. पानात १.२ टक्क्यांच्या वर पोटॅशियम असेल तर चिंता नाही. एक टक्क्याच्या खाली गेल्यास फळाचा आकार जातो. पालाश जास्त झाले तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मागे पडते, त्यामुळे इथेही हात राखूनच.

हिशेबातून हमखास सुटणारे नत्र विहिरीच्या पाण्यातले. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आपल्या मानकांची मर्यादा, त्यातले नत्र साधारण १० मिलिग्रॅम. या मर्यादेवर असलेल्या विहिरीतून वर्षभरात मीटरभर पाणी बागेला दिले, तर हेक्टरी १०० किलो नत्र नुसत्या पाण्यातून मिळाले. कॅलिफोर्नियाच्या सॅन होकिन खोऱ्यात भूजल नायट्रेटने दूषित झाल्यावर तिथल्या शेतकऱ्यांना हा हिशेब मांडणे भाग पडले. पंजाबात आणि आपल्या बागायती पट्ट्यांतही तो मांडावा. जे नत्र आपण आधीच पाण्यात सांडले आहे तेच वापरणे स्वस्तही आहे, आणि त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या लेकराबाळांवर उपकारही.

आता सूक्ष्म अन्नद्रव्ये. इथे सप्ताळूचा इतिहास खरोखर थक्क करणारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या कित्येक बागांमध्ये वसंतात पाने बोटाच्या पेराएवढी, अरुंद, पिवळी निघत, काडीच्या टोकाला त्यांचे झुबके होत, फळे वेडीवाकडी येत आणि काही वर्षांत झाड संपे. बारीक पानाचा रोग असे त्याला नाव पडले. जंतू सापडेना. जुन्या गोठ्यांच्या जागी लावलेल्या बागेत रोग हटकून जास्त, म्हणजे शेणखताने श्रीमंत झालेल्या जमिनीत झाड उपाशी! १९३० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम चँडलर, डेनिस होगलंड आणि हिबर्ड यांनी लोह कमी असेल म्हणून झाडांच्या मुळाशी फेरस सल्फेटचे मोठे डोस दिले. काही झाडे सुधारली. पुढे शुद्ध फेरस सल्फेट वापरले तर गुण येईना. मग लक्षात आले की बाजारातल्या स्वस्त फेरस सल्फेटमध्ये जस्ताची भेसळ होती आणि गुण आला होता तो जस्ताने. नुसते जस्त दिल्यावर झाडे उठली. जमिनीत जस्त बांधले जाते म्हणून त्यांनी जस्ताचा मुलामा दिलेले खिळे थेट खोडात ठोकूनही बघितले, आणि वरच्या फांद्यांची पाने रुंद झाली. फळबागेतल्या जस्ताच्या कमतरतेची ओळख जगाला पटली ती या कामातून.

आज खिळे ठोकायची गरज नाही. पानात जस्त दशलक्षात १५ भागांच्या खाली असेल तर फवारणी हवी. पण सप्ताळूचे पान नाजूक. उन्हाळ्यात नुसते झिंक सल्फेट फवारले तर ते जळते, म्हणून चुन्याच्या निवळीने सौम्य करून अर्ध्या टक्क्याच्या आसपास फवारतात. शरदात पाने गळायला लागताना दिलेली फवारणी जास्त सुरक्षित.

लोहाची गोष्ट वेगळी, आणि महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला ती जवळची. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भुईमुगावर, उसावर, संत्र्यावर येणारा हा केवडा आपण नेहमी बघतो. स्पेनच्या एब्रो खोऱ्यातल्या सप्ताळूवर तो दरवर्षीचा आहे. जमिनीत लोह भरपूर, पण चुना आणि पाण्यातले बायकार्बोनेट त्याला अडवून ठेवतात. सारागोसाजवळच्या आउला देई संशोधन केंद्रात यावर दीर्घ काम झाले. तिथे असे आढळले की पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतके, कधी त्याहून जास्तही निघते. म्हणजे पान परीक्षणातला लोहाचा आकडा फसवू शकतो. पाने पिवळी पडेपर्यंत उशीर होतो म्हणून त्या संशोधकांनी फुलांचेच परीक्षण करून आधी अंदाज बांधण्याची पद्धत बसवली. मला ही कल्पना फार आवडते.

उपाय म्हणून आपल्याकडे आळ्यात फेरस सल्फेट टाकतात. चुनखडीत ते थोड्याच काळात पुन्हा न विरघळणारे होते. ईडीटीए प्रकारचे चिलेटही अल्कधर्मी जमिनीत टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारातले लोह टिकते, पण ते महाग आहे. स्वस्त आणि कायमचा उपाय लागवडीपूर्वीच असतो, तो खुंटाचा. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या केंद्रातून निघालेला जीएफ ६७७ हा सप्ताळू आणि बदामाच्या संकराचा खुंट चुनखडी सोसतो, म्हणून भूमध्य समुद्राभोवतीच्या बागा त्यावर उभ्या आहेत. तो जोरकस आहे, त्यामुळे त्यावरच्या झाडाला नत्र कमी लागते. बाग पिवळी पडली की आधी पाणी तपासावे, हेही सांगायला हवे. चुनखडीच्या भारी जमिनीत पाणी साचू दिले तर बायकार्बोनेट वाढते आणि केवडाही. कित्येकदा पाळी लांबवल्यावर नवी पाने आपसूक हिरवी निघतात.

आम्लधर्मी जमिनीचे दुखणे याच्या उलट. अमेरिकेच्या जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिना राज्यांत तीन ते सात वर्षांची ऐन फळती झाडे वसंतात एकाएकी मरत. मुळांवरच्या सूत्रकृमी, खोडाचा जिवाणू, थंडी आणि आम्ल जमीन यांचा तो एकत्रित मार होता. तिथल्या शिफारशींत लागवडीआधी चुना खोलवर मिसळून सामू ६.५ पर्यंत आणण्यावर भर आहे. वरून टाकलेला चुना खाली जायला वर्षे लागतात, म्हणून बाग लावल्यावर ही चूक सुधारता येत नाही.

कॅल्शियमच्या फवारण्यांचे सध्या पेव फुटले आहे. सफरचंदाला त्यांचा लाभ सिद्ध आहे. सप्ताळूत कॅलिफोर्नियातल्या चाचण्यांत तो सातत्याने दिसला नाही. उलट काही पर्णखतांत लोह, तांबे किंवा ॲल्युमिनियमचा अंश असतो, आणि तोडणी जवळ आल्यावर ती फवारली, तर हाताळताना घासलेल्या सालीवर शाईसारखे काळे डाग उमटतात. तोडणीआधीचे तीन आठवडे अशा फवारण्या नकोतच.

पान परीक्षण करायचे ते कसे, हे नीट सांगितले पाहिजे, कारण नमुना चुकला तर आकडा खोटा. यंदाच्या फुटीच्या मध्यावरचे, पूर्ण वाढलेले पान देठासकट घ्यायचे. शेंड्याचे कोवळे नको, बुडाचे जून नको. डोक्याच्या उंचीवरची, फळ नसलेली काडी निवडायची, झाडाच्या चारही बाजूंनी एकेक, आणि बागेत तिरपे फिरत पंचवीसेक झाडांवरून शंभर पाने. किडके, जळके, नुकतेच फवारलेले पान नको. पाने कागदी पिशवीत भरायची, प्लॅस्टिकमध्ये ती घामाघूम होऊन कुजतात. चांगली झाडे आणि रोडावलेली झाडे यांचे नमुने वेगळे. काळ मुख्यतः जून-जुलैचा, कारण पान जून होत जाते तसे नत्र घटते आणि कॅल्शियम वाढते. वर दिलेले सगळे आकडे याच पानाला आणि याच काळाला लागू आहेत. आपल्या द्राक्ष बागायतदारांना हे शिकवायला नको. देठ परीक्षण त्यांनी केव्हाच अंगवळणी पाडले आहे.

आणि एवढे सगळे करूनही एक काम खत करू शकत नाही, ते विरळणीचे. सप्ताळू पेलवेल त्याच्या कितीतरी पट फळ धरतो. कोय टणक होण्याआधी दोन फळांत वीतभर अंतर राहील अशी हाताने विरळणी केली नाही तर कोणतीही मात्रा आकार देत नाही. लहान फळ बघून युरिया वाढवणारे पुष्कळ बागायतदार खरे म्हणजे न केलेल्या विरळणीची किंमत मोजत असतात.

हिमाचल, उत्तराखंड आणि पंजाबातल्या कृषी खात्यांनी झाडाच्या वयानुसार किलोचे तक्ते छापावेत, पण त्याच पानावर काडीची लांबी आणि पानातल्या नत्राची मर्यादाही मोठ्या अक्षरात छापावी. आणि तुमची बाग सप्ताळूची असो, संत्र्याची असो की डाळिंबाची, पुढच्या हंगामाचे खत उचलण्याआधी माती, पान आणि विहिरीचे पाणी तिन्ही तपासून घ्या. तीन नमुन्यांचा खर्च बागेच्या एका फवारणीपेक्षा सहसा जास्त नसतो.